मानेचा वारसा

या दुखण्याची पहिली तक्रार बहुधा मानेची नसतेच. शर्टाचे बटण लागेनासे होते. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते आणि दोष चष्म्याला दिला जातो. बँकेत सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत येतो. चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर फरशी गार लागते, तेव्हा ते ध्यानात येते. घरातले म्हणतात, वय झाले. माणसालाही ते पटते, कारण मान दुखत नसते, किंवा गेली वीस वर्षे दुखते तेवढीच दुखत असते. मग एखाद्या दिवशी मान खाली घालताना पाठीतून पायापर्यंत विजेसारखी लहर जाते. एमआरआय होतो. डॉक्टर चित्रावर बोट ठेवून सांगतात की मानेतला मज्जारज्जू दबला आहे. त्या संध्याकाळी गावाहून थोरल्या बहिणीचा फोन येतो आणि ती बोलून जाते, "अरे, अप्पांचंही अगदी असंच झालं होतं."

बहिणीच्या या वाक्यात तथ्य किती, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

आधी जागेचा हिशेब पाहू. मानेत सात मणके असतात. त्यांच्या मागच्या कमानी एकाखाली एक येऊन एक नळी तयार होते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली जातो. मानेच्या मधल्या भागात या नळीची पुढून मागची रुंदी प्रौढ माणसात साधारण १७ ते १८ मिलिमीटर असते, तर रज्जूची जाडी ८ मिलिमीटरच्या आसपास. उरलेल्या जागेत रज्जूची आवरणे आणि त्याभोवतीचा द्रव असतो. मान मागे टाकली की मागच्या बाजूचा पिवळा अस्थिबंध दुमडून आत येतो आणि नळी दोन-तीन मिलिमीटर आणखी आवळते. वय वाढते तशी मणक्यांमधली गादी सुकते, बसते आणि मागे फुगते. मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात, बंध जाड होतात. चाळिशी-पन्नाशीनंतर हे कमीअधिक सगळ्यांच्याच मानेत होते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांची नळी मुळातच १३ मिलिमीटरहून कमी असते, त्यांच्याकडे मात्र अशा झिजेसाठी राखीव जागाच नसते. रज्जू दाबला जातो, प्रत्येक हालचालीला घासतो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि आतल्या चेतापेशी हळूहळू मरू लागतात.

आपल्याकडे मानेच्या कोणत्याही दुखण्याला सरसकट 'स्पाँडिलायटिस' म्हणतात. 'गॅप आली', 'नस दबली' हेही नेहमीचे शब्द. पण नस दबणे आणि रज्जू दबणे या दोन गोष्टी एका पंक्तीत बसवण्यासारख्या नाहीत. नस दबली तर एका हातात कळ येते, मुंग्या येतात, आणि पुष्कळदा काही आठवड्यांत त्या ओसरतातही. रज्जू दबला तर दोन्ही हातांची सफाई जाते, चाल बिघडते, पुढे लघवीवरचा ताबाही सुटू शकतो आणि गमावलेले सगळे परत मिळेलच असे नसते. लॉर्ड रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२मध्ये मानेच्या झिजेमुळे मज्जासंस्थेवर होणारे परिणाम सविस्तर मांडले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र हा फरक नीट ओळखते. २०१५मध्ये टोरांटोच्या मायकेल फेलिंग्ज यांच्या गटाने गादीची झीज, हाडाची टोके, हाड झालेले बंध अशा सगळ्या कारणांनी होणाऱ्या या आजाराला एकच नाव सुचवले. मराठीत त्याला मानेतील मज्जारज्जूचा झीजजन्य आजार म्हणता येईल.

आता बहिणीच्या वाक्याकडे येऊ.

बाजार समितीच्या आवारात डोक्यावर पोती वाहणाऱ्या हमालाची मान कचेरीतल्या कारकुनाच्या मानेआधी झिजणार, असे कुणालाही वाटेल. ओझ्याचा परिणाम होतो हे खरेच आहे. पण तो किती होतो, हे मोजायचे तर एकाच मुशीतून निघालेली दोन माणसे हवीत, एक ओझी वाहणारा आणि एक खुर्चीत बसणारा. फिनलंडमध्ये तापिओ विदेमान आणि मिशेल बाटिए यांनी नेमके हेच केले. त्यांनी ११५ एकबीज जुळ्या भावांच्या जोड्या निवडल्या, ज्यांची आयुष्यभराची कामे एकमेकांहून वेगळी होती, आणि त्यांच्या कमरेचे एमआरआय काढले. १९९५मध्ये आलेल्या निष्कर्षांनी या शास्त्रातली जुनी समजूत हलवली. कमरेच्या वरच्या भागात गाद्यांच्या झिजेतला जो फरक दिसत होता, त्यातला जेमतेम ७ टक्के शारीरिक ओझ्याने समजत होता. वय जोडले की हा आकडा १६ टक्क्यांवर जाई. आणि 'हे दोघे कोणत्या घरचे' ही गोष्ट जोडली की एकदम ७७ टक्क्यांवर. कमरेच्या खालच्या भागात घराण्याचा वाटा तुलनेने कमी निघाला, तरी ओझ्याचा वाटा तिथेही अगदी तोकडाच होता.

हे झाले कमरेचे. मानेचे उत्तर १९९९मध्ये सँब्रूक, मॅकग्रेगर आणि स्पेक्टर यांच्या अभ्यासातून आले. त्यांनी १७२ एकबीज आणि १५४ द्विबीज जुळ्या व्यक्तींचे एमआरआय ताडून पाहिले. मानेच्या गाद्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा ७३ टक्के निघाला.

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण तो फार चुकीच्या रीतीने वाचला जातो. माझ्या मानेतली ७३ टक्के झीज आईवडिलांनी दिली आणि २७ टक्के मी कमावली, असा त्याचा अर्थ होत नाही. एका गटातल्या माणसांमाणसांत जो फरक दिसतो, त्याचा किती भाग त्यांच्या जनुकांमधल्या फरकाशी जुळतो, एवढेच तो सांगतो. एखाद्या गटात सगळेच सारखे ओझे वाहत असतील तर ओझ्याचा परिणाम हिशेबात दिसणारच नाही आणि आनुवंशिकतेचा आकडा मोठा वाटेल. हमालांच्या तांड्यात आणि लेखनिकांच्या कचेरीत मिळून हाच हिशेब केला, तर तो वेगळा येऊ शकतो. म्हणून हमालाने पन्नास किलोचे पोते उचलत राहावे, कारण सगळे जनुकांत लिहिलेलेच आहे, असा निष्कर्ष यातून कुणी काढू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे गादीची झीज हा अजून आजार नव्हे. रज्जू दबून हातपाय बिघडणे हेसुद्धा घराण्यात चालते का, हा प्रश्न उरतोच. त्याचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतल्या युटा राज्याने दिले. तिथल्या मॉर्मन पंथीयांनी आपल्या वंशावळी मोठ्या निष्ठेने जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळांच्या पिढ्या सापडतात, तशाच. फरक एवढाच की युटामध्ये या वंशावळींना रुग्णालयांच्या नोंदी जोडल्या गेल्या आणि २० लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र आली. २०१२मध्ये तिथल्या संशोधकांनी या आजाराचे ४८६ रुग्ण घेऊन त्यांचे गणगोत शोधले. रुग्णाच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत हा आजार अपेक्षेपेक्षा सुमारे पाचपट आढळला. त्याहून बोलका निष्कर्ष दूरच्या नात्यांचा होता. चुलत-मावस भावंडांएवढ्या अंतराच्या नातेवाइकांतही धोका जवळजवळ दुप्पट होता. सख्खी भावंडे एका घरात वाढतात, एकच अन्न खातात, पुष्कळदा एकच धंदा करतात. चुलत-मावस भावंडांचे तसे नसते. त्यांच्यात सामाईक उरते ते मुख्यतः रक्त.

म्हणजे बहिणीचे म्हणणे खरे आहे. अप्पांकडून काहीतरी आले. पण काय आले?

नळीची रुंदी ही त्यातली सर्वांत साधी गोष्ट. नाकाची ठेवण, हाताची बोटे, तशीच मणक्याच्या कमानीची ठेवणही हाडांच्या वाढीबरोबर ठरून जाते. अमेरिकेत जतन केलेल्या ४६९ प्रौढ सांगाड्यांची मोजणी झाली, तेव्हा सुमारे ५ टक्क्यांच्या मानेत १२ मिलिमीटरहून अरुंद जागा सापडली. बाकी खोलात जाण्याजोगे ज्ञान याबाबत अजून हाती आलेले नाही.

खरी चित्तवेधक गोष्ट आहे ती अस्थिबंधाची. मणक्यांच्या मागच्या अंगाने, रज्जूच्या अगदी समोरून एक उभा बंध जातो. तो चिवट आणि लवचीक असायला हवा. काही माणसांत मात्र त्याचे चक्क हाड बनू लागते. वर्षानुवर्षे हे हाड जाड होत जाते आणि रज्जूला समोरून रेटते. १८३८मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यविशारद की यांनी अशा रुग्णाचे वर्णन केले होते, पण त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९६०मध्ये जपानमध्ये त्सुकिमोतो यांनी शवविच्छेदनातून त्याची नोंद केली आणि मग तिथे हा आजार सगळीकडे दिसू लागला. जपानी प्रौढांत त्याचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के निघाले, युरोप-अमेरिकेपेक्षा बरेच जास्त. काही काळ तर त्याला 'जपानी आजार' म्हणत. भारतातल्या मणक्यांच्या शल्यविशारदांनाही तो परका नाही.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने १९७०च्या दशकात यासाठी खास अभ्यासगट नेमला. देशभरातल्या ३४७ कुटुंबांतल्या १,०३० नातेवाइकांची तपासणी झाली. त्यांतल्या सुमारे २३ टक्क्यांच्या मानेत हाड झालेला बंध सापडला. सर्वसाधारण लोकांत २ ते ४ आणि रुग्णांच्या नातेवाइकांत २३. यापुढे 'हे घराण्यात आहे का' हा प्रश्न संपला आणि 'कोणत्या जनुकात आहे' हा सुरू झाला.

पहिला मोठा धागा एका उंदराने दिला. जपानी प्रयोगशाळांत उंदरांची एक जात होती, जी वाढता वाढता चवड्यांवर चालू लागे. तिच्या मानेतले बंध हाड झालेले असत. १९९८मध्ये तिचा दोष सापडला. पेशींबाहेर पायरोफॉस्फेट नावाचा छोटा रेणू बनवणारे विकर तिच्यात तुटके होते. शरीरात कॅल्शियम आणि फॉस्फेट सगळीकडे फिरत असतात, मग आपले सगळेच मऊ भाग दगड का होत नाहीत? कारण पायरोफॉस्फेट स्फटिकांना जमू देत नाही. बंबात क्षार धरू नये म्हणून पाण्यात फॉस्फेटच्या कुळातली रसायने घालतात, त्यांचे काम साधारण असेच. हा पहारेकरी कमी पडला की जिथे बंध ताणले जातात तिथे क्षार धरतो आणि हाडाला सुरुवात होते. माणसांतही या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेले लोक आहेत. त्यांना लहानपणी एक प्रकारचा मुडदूस होऊ शकतो आणि मोठेपणी हाड झालेले बंध.

पण असा एकच जबर दोष बहुतेक रुग्णांत सापडत नाही. २०१४मध्ये शिरो इकेगावा यांच्या रिकेन संस्थेतल्या गटाने हजाराहून अधिक रुग्णांचा सगळा जनुकसंच धुंडाळला, तेव्हा धोक्याशी जोडलेल्या सहा जागा सापडल्या. २०२३पर्यंत त्या १४ झाल्या. प्रत्येकीचा वाटा छोटा. त्यांतली एक जागा अशा जनुकापाशी आहे, जे बंधातल्या कोवळ्या पेशींना कूर्चेकडे वळण्यापासून रोखते. ते मंदावले की त्या पेशी कूर्चेची आणि पुढे हाडाची वाट धरतात.

२०२३च्या याच कामातून निघालेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे रुग्ण पुष्कळदा स्थूल असतात, हे डॉक्टरांना आधीपासून दिसत होते. पण स्थूलतेमुळे आजार होतो, की आजाराने हालचाल मंदावल्यामुळे वजन वाढते, हे सुटत नव्हते. संशोधकांनी वजन वाढवणारी जनुके जन्मतः अधिक असलेल्या माणसांकडे पाहिले. जनुके जन्मालाच ठरलेली असतात, आजार त्यांना बदलू शकत नाही. अशा माणसांत बंधाचे हाड होण्याचे प्रमाण अधिक निघाले. म्हणजे स्थूलता ही कारण आहे. पाठीच्या मणक्यांतल्या बंधांत हा परिणाम सर्वांत ठळक होता. जनुकांचा शोध घ्यायला निघालेले शास्त्र अशा रीतीने आपल्या हातातल्या एका गोष्टीपाशी येऊन पोचले.

इथे मुंबईचा एक वेगळा सूरही नोंदवायला हवा. केईएममध्ये दीर्घकाळ काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांचे म्हणणे असे की मणक्यांमधली सूक्ष्म अस्थिरता हे मूळ आहे आणि वाढलेले हाड हा तिला शरीराने दिलेला प्रतिसाद. ही मांडणी सर्वमान्य झालेली नाही. मला मात्र ती जनुकांच्या विरोधात जाते असे वाटत नाही. हालचालीचा ताण सगळ्यांच्याच बंधांवर येतो. त्याला उत्तर म्हणून हाड कुणाचा बंध करतो, हे जनुकांवर ठरू शकते.

गादीच्या जनुकांची कहाणी अधिक सावध करणारी आहे. गादीला आकार देणाऱ्या तंतूंमध्ये कोलॅजेन-९ नावाचे प्रथिन असते. १९९९मध्ये फिनलंडच्या संशोधकांना त्याच्या एका जनुकात एक बदल सापडला. गादीच्या १५७ रुग्णांपैकी सहांत तो होता आणि १७४ निरोगी माणसांत एकातही नव्हता. वाटले, गुन्हेगार सापडला. पुढे दक्षिण चीनमधल्या लोकांची तपासणी झाली, तर तोच बदल तिथे सुमारे २० टक्के लोकांत आढळला. फिनलंडमध्ये महत्त्वाचा ठरलेला याच कुळातला दुसरा एक बदल तिथे जवळजवळ नव्हताच. एका चिनी अभ्यासात असेही दिसले की हा बदल असलेला माणूस धूम्रपान करत असेल, तर मानेतल्या रज्जूच्या आजाराचा धोका विशेष वाढतो. भारतात कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन यांच्या गटाने बाहेर गाजलेले असे अनेक जनुकीय बदल भारतीय रुग्णांत तपासले. त्यांना दिसले की झीज कशी मोजली आणि रुग्णांचे वय काय, यांवर उत्तर बदलते. दुसऱ्या देशातल्या जनुकांची यादी आणून आपल्या माणसांचे भविष्य सांगता येत नाही. याच कारणाने 'तुमच्या मणक्यांचा जनुकीय धोका' सांगणारी कोणतीही महागडी चाचणी निरोगी माणसाने आज करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा धागा रज्जूचा स्वतःचा. दोन माणसांचे एमआरआय ताडून पाहिले तर दाब सारखाच दिसतो, पण एक जण काठी टेकत येतो आणि दुसरा जिने चढतो. एपीओई नावाच्या जनुकाचा चौथा प्रकार अल्झायमरच्या संदर्भात अनेकांनी ऐकला असेल. हे जनुक चेतापेशींच्या डागडुजीसाठी लागणारी चरबी वाहून नेण्याच्या कामात असते. मानेचा रज्जू दबलेल्या ज्या रुग्णांत हा चौथा प्रकार होता, त्यांची शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा इतरांपेक्षा कमी आढळली. फेलिंग्ज यांच्या गटाने २०२१मध्ये मानवी एपीओई बसवलेल्या उंदरांतही हेच पाहिले. चौथा प्रकार असलेल्या उंदरांच्या रज्जूत दाह अधिक होता. म्हणजे नळीची रुंदी जशी वारशाने येते, तशी मार सोसण्याची ताकदही.

हे सगळे वाचून ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्या मनात भीती येईल. ती धरून बसू नये. नात्यात आजार असला तरी बहुतेकांना तो होत नाही. पण घराण्याची माहिती एका गोष्टीसाठी अमोल आहे: वेळेसाठी. इस्रायलमधल्या एका पाहणीत पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत सरासरी २.२ वर्षे गेली होती, आणि कितीतरी रुग्णांना मधल्या काळात मनगटातली नस दबल्याचे सांगितले गेले होते. मध्यम आणि तीव्र आजारात शस्त्रक्रिया हाच आजचा मान्य उपाय आहे. तिने बिघाड थांबतो, पुष्कळदा सुधारणाही होते, पण मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. म्हणून ती दोन वर्षे फार मोलाची असतात.

तेव्हा ज्यांच्या आईवडिलांची किंवा भावंडांची मानेची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. हात पुढे करून तळवा जमिनीकडे धरा आणि दहा सेकंदांत मूठ जमेल तितक्या वेगाने उघडा-मिटा. निरोगी हाताला वीस किंवा अधिक वेळा ते जमते. जमत नसेल, बोटे अडखळत असतील, चप्पल नकळत निसटत असेल, तर मलम आणि मानेच्या पट्ट्यावर महिने घालवू नका, न्यूरॉलॉजिस्टला किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची सवय आजच सोडा. ज्या मानेत राखीव जागा नाही, तिच्यात असा एक झटका किंवा न्हाणीघरातले साधे पडणेही रज्जूला कायमचे दुखावू शकते. तंबाखू आणि पोटाचा घेर, या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

आणि घरातल्या थोरांना विचारून घ्या की कुणाची मान, कुणाचे हात, कुणाची चाल बिघडली होती आणि कोणत्या वयात. कपाटावर पिशवीत पडलेली अप्पांच्या एमआरआयची जुनी फिल्म रद्दीत देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या.